सव्वीस कोऱ्या जागा

१६ मार्च, रविवार

ही वही मी हौसेने लिहीत नाही. शिक्षा म्हणून लिहिते आहे. सराव परीक्षेत चौथ्या रविवारीही गाडी तिथेच – १२० पैकी ७१. (आधीचे तीन रविवार ७१, ७२, ७१. तो ७२ योगायोगाने पडला असावा.) म्हणून बारामतीच्या क्लासमध्ये शिकवणाऱ्या यशराजने फर्मावलं की रोज लिहा, कुठे अडलं आणि का अडलं. खाडाखोड चालेल, असंही म्हणाला. नववीत हा यशराज माझाच विद्यार्थी होता. उशिरा येतो म्हणून मी त्याला पंधरा दिवस रोजनिशी लिहायला लावली होती. विसरलेला दिसत नाही.

१७ मार्च, सोमवार

का अडलं ते माहीत नाही. माहीत असतं तर अडलं असतं का?

तरी लिहायचंच तर मुळापासून लिहिते. वय चोपन्न. बी.ए., बी.एड. इंदापूरजवळच्या शाळेत मुख्याध्यापिका. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या एका सुनावणीत मी स्वतःच उभी राहून पाऊण तास बोलले. बाहेर आल्यावर समोरच्या बाजूचे वकील म्हणाले, "बाई, तुम्ही चुकून शाळेत गेलात." रात्रभर हसू येत होतं. त्या दिवसापासून डोक्यात कायदा. पदवीधरांसाठी तीन वर्षांचा एलएल.बी., त्याची ही प्रवेश परीक्षा, तीन मे रोजी. बारामतीत जागा मिळायची तर पंचाऐंशीच्या आसपास हवेत, हा यशराजचा अंदाज.

अडचण पुढेच आहे. कॉलेज पूर्णवेळ. म्हणजे निवृत्तीला चार वर्षं बाकी असताना शाळा सोडायची. त्यासाठी तीन महिन्यांची नोटीस लागते, आणि एकदा दिलेली नोटीस आमची संस्था मागे घेऊ देत नाही. निकाल जूनच्या मध्यावर, कॉलेज ऑगस्टअखेर. निकाल बघून नोटीस दिली तर सुटका सप्टेंबरात, तोवर जागा गेलेली. आधी दिली आणि नापास झाले तर शाळाही नाही आणि कॉलेजही नाही.

असो. आधी ७१ वरून तर हलू दे.

१९ मार्च, बुधवार

तर्काचे चाळीस प्रश्न सोडवले. एकोणतीस बरोबर. मुलांनी स्नेहसंमेलनाच्या हिशेबाची वही हरवली, त्यामुळे आणखी लिहायला वेळ नाही.

२३ मार्च, रविवार

७१!

यशराज आज माझ्या मागे खुर्ची टाकून बसला. मी संगणकावर सोडवतेय, हा बघतोय. दोन तासांनी म्हणाला, "मॅडम, तुम्ही पेपर सोडवता का तपासता?" प्रश्न क्रमांक बत्तीसमध्ये 'न्यायाधिश' असं छापलं होतं, ते मी कागदावर टिपून घेतलं, एवढंच. आणि प्रत्येक उत्तर दिल्यावर मागचं एकदा बघून घेतलं. त्याने मोजलं – यात एकोणीस मिनिटं गेली. एकोणीस! तीस वर्षं लाल पेन धरलं की हात वळणारच.

परतीच्या एस.टी.त सुहाना शेजारी. इंदापूरची, बी.कॉम. झालेली, याच परीक्षेला बसणारी. बावीस वर्षांची. रोजे चालू, तरी तोंड क्षणभर बंद नाही. तिचा आकडा एका रविवारी ६२, दुसऱ्या रविवारी ७९. सगळे प्रश्न सोडवते, येवोत न येवोत, आणि चाळीस मिनिटं आधी उठून बाहेर वाऱ्याला बसते. निमगाव येईपर्यंत मी तिला शिस्तीवर बोलले. लासुर्ण्यापासूनच झोपली होती, असं उतरताना कळलं.

२६ मार्च, बुधवार

लाल पेन कपाटात ठेवलं. किल्ली ह्यांच्याकडे दिली. ह्यांना आनंद लपवता येईना. विचारलं, "पोरांची सुटका झाली म्हणायची?"

२७ मार्च, गुरुवार

यशराजचा फोन. गेल्या पाच परीक्षांचे तक्ते त्याने समोर ठेवलेत. बरोबर ७१, चूक २३, न सोडवलेले २६. कधी पंचवीस, कधी सत्तावीस, पण सव्वीसच्या आसपास. "मॅडम, चुकीला गुण कापत नाहीत. मग हे कोरे का?"

सांगितलं – येत नाही ते येत नाही. अंदाजाने खूण करणं म्हणजे उत्तरपत्रिकेत खोटं बोलणं. तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं. ज्याने ठोकून दिलं त्याला मी शून्याखाली रेघ मारून दिली आहे.

मग म्हणाला, "माझ्याही मारली होती, मॅडम. दोन रेघा."

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा, क्लास बंद. आज ईद. सुहानाच्या घरी शीरखुर्मा खाल्ला, दोन वाट्या. तिसरी तिच्या आईने न विचारता भरली. तिची आई मेहबूबबी पळसदेवला उजनी धरणाच्या काठावर मासळी घेते आणि इंदापूरच्या बाजारात विकते. सुहानाने माझं सव्वीस कोऱ्या जागांचं प्रकरण घरभर सांगून ठेवलेलं! वडील, सिकंदरभाई, हसू दाबायला पाणी प्यायले. मेहबूबबी मात्र हसली नाही. म्हणाली, गुरुवारी सकाळी काठावर या माझ्यासंगं.

मी मासे खात नाही. जाणार आहे.

३ एप्रिल, गुरुवार

गेले!

सहाला पळसदेव. उजनीचं पाणी मागे सरकलेलं, चिखलात पाय घोट्यापर्यंत. होड्या लागल्या की मासळी ताडपत्रीवर ओततात, ढिगाने. चिलापी, थोडी कटला. काठावर वजनकाटा नाही. घेणाऱ्यांनी ढीग बघायचा आणि ढिगाची बोली लावायची. कोणी मोजत नाही! माझा जीव वर-खाली.

विचारलं, कळतं कसं? मेहबूबबी बोली लावता लावता बोलत होती. "मला कुठं कळतंय किती हाय ते. काय न्हाय ते कळतंय. ह्यो धा किलो हाय का? न्हाय. तीस हाय का? तेबी न्हाय. मग ऱ्हायलं पंधरा न्हायतर वीस. तेवढ्यातच डोकं लावायचं."

चुकत नाही का, म्हटलं.

"चुकतंय की. चुकंल म्हणून घरी बसले असते तर सुहाना बी.कॉम. झाली असती व्हय, मॅडम?"

मग तिने घेतलेल्या एका ढिगाचा अंदाज मला सांगायला लावला. चार पोरं, दोन कोळी, सगळे थांबून बघायला लागले. मी म्हटलं अठरा. बाजारात आल्यावर काट्यावर घातला – साडेसतरा! मी, मुख्याध्यापिका, भर बाजारात टाळी वाजवली. पायाला चिखल, साडीला वास. शाळेत जाऊन प्रार्थनेला उभी राहिले तर पहिल्या ओळीतल्या पोरी मागे सरकल्या.

४ एप्रिल, शुक्रवार

अंदाजाची चटकच लागली. एस.टी.त माणसं पंचावन्न म्हटलं, मोजली तर अठ्ठावन्न. मग काकडीचं वजन, ढबू मिरचीचं वजन, शिक्षकांच्या रजेची खरी कारणं. शिक्षकखोलीत एकटीच हसले. शिपाई लखन दारातून हळूच विचारून गेला, तब्येत बरी हाय ना मॅडम. मग बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं असावं. दिवसभर एकही शिक्षक तासाला उशिरा गेला नाही.

६ एप्रिल, रविवार

८६.

पुन्हा लिहिते. ८६!

जिथे येत नव्हतं तिथे थांबले, काय नाही ते खोडलं. दोन पर्याय गेले. उरले दोन. पहिल्यांदा खूण केली तेव्हा कोणी बघतंय का म्हणून मागे वळून बघितलं. नंतर नाही बघितलं. सव्वीसपैकी पंधरा बरोबर आले. यशराजने पडद्याचा फोटो काढला. मी म्हटलं, कशाला? म्हणाला, मी घरी दाखवणार आहे, आईला.

सुहाना ७१! माझा आकडा तिने घेतला म्हणून बसमध्ये मला चिडवत होती, मग लासुर्ण्याला रडली. तिला मी सांगितलं – तू काय नाही ते बघतच नाहीस, थेट खूण. पुढच्या रविवारपासून तुझ्या मागे खुर्ची टाकून मी बसणार. म्हणाली, नको नको, यशराजसर बरे.

१३ एप्रिल, रविवार

७८. डोक्याला हात लावला. तपासायची जुनी खोड परत आली. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "गेल्या रविवारी छप्पर उडवलं, आता कौलं शोध." माझे यजमान महिपती, इतकी वर्षं ऊस एकरी किती टन निघेल याचा अंदाज सांगायचे, आणि मी प्रत्येक वेळी म्हणायचे, मोजल्यावर बोला. ते आज पहिल्यांदा आठवलं.

२० एप्रिल, रविवार

८९. सुहाना ८२. दोघींनी बारामतीच्या स्टँडवर उसाचा रस घेतला, दोन-दोन ग्लास. तिथे माझ्या शाळेची दोन मुलं होती. रस बाहेर पिऊ नये, असं मी जानेवारीतच प्रार्थनेत सांगितलेलं. मुलांनी नमस्कार केला. मी ग्लास वर केला.

२८ एप्रिल, सोमवार

काल शेवटचा सराव. ९१! गाणं म्हणत घरी आले. ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

३ मे, शनिवार

परीक्षा झाली. केंद्र बारामतीतच. आत जाताना घड्याळ, पर्स, पाण्याची बाटली सगळं बाहेर. हातातल्या बांगड्या बघून दारातल्या बाईंनी मला एकदा, आणि बांगड्यांना दोनदा बघितलं.

सगळे १२० सोडवले. एकही कोरा नाही! शेवटचा प्रश्न चार सेकंद उरले असताना. दोन पर्याय खोडले, तिसऱ्यावर खूण केली, पडदा बंद.

किती येतील, सुहानाने विचारलं. म्हटलं, अठ्ठ्याऐंशी. स्वतःचंच ऐकून गार झाले.

८ मे, गुरुवार

ह्यांच्याशी बोलणं झालं. म्हणाले, "निकाल लागू दे की. मग दे कागद. शाळा पळून चाललीय व्हय?"

म्हटलं, शाळा नाही, जागा पळून जाते. पुन्हा तारखा मांडून दाखवल्या. मे, जून, सप्टेंबर.

"आणि न्हाय झालीस पास?"

म्हटलं, मग चोपन्नाव्या वर्षी तुमच्याबरोबर ऊस मोजेन.

ह्यांनी बराच वेळ कॅलेंडरकडे बघितलं. जून, जुलै, पानं उलटून. मग विचारलं की मला किती गुण वाटतात. सांगितलं. म्हणाले, "मला नव्वद वाटत्यात."

१३ मे, मंगळवार

निकाल अजून लागलेला नाही.

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी संस्थेच्या इंदापूर कार्यालयात कारकून ननवरे भाऊसाहेबांच्या हातात दिली : स्वेच्छानिवृत्तीची तीन महिन्यांची नोटीस, मूळ एक, प्रत एक, दोन्हींवर सही आणि आजची तारीख. आवक क्रमांक ३१८. पोच घेतली.