घोडीशी बोलणाऱ्या वंदनाताई

१४ नोव्हें., शुक्र.
जरीपटका. गजाननभाऊंची वरातीची घोडी, शबनम, आज तिसऱ्यांदा तपासली. ताप नाही. दात बरे, खूर बरे, पोट बरं, रक्ताचा रिपोर्ट तर माझ्यापेक्षा चांगला. तरी वैरण अर्धी टाकते, आणि खोगीर आणलं की कान मागे, दात बाहेर. बारा वर्षांची घोडी. लेकरांनी शेपटी ओढली तरी हलायची नाही. या आठवड्यात दोन नवरदेव पायी गेले.

ग.भाऊंचा तबेला एकाच घोडीपुरता. नवी आणायची तर हिला जावं लागेल. एक वीटभट्टीवाला विचारून गेलाय, गाडीला जुंपायला. त्याला माझ्या सहीचा दाखला हवा, घोडी कामाला ठीक आहे म्हणून. "तुमाले तं काहीच नाई सापडलं न मॅडम. मंग ठीकच हाय म्हना."

त्यांचं बरोबर आहे, तेच खटकतं. सही केली नाही. थोडे दिवस मागून घेतले.

१६ नोव्हें., रवि.
ग.भाऊंचा फोन. मला न विचारता सदर भागातून एक बाई बोलावल्यात. घोड्यांशी बोलतात म्हणे. तोंडाने नाही, मनाने. फोटो पाठवला तर फोटोशीसुद्धा! मी हसले, तर म्हणाले, "हसा जी मॅडम. पन तुमच्याशी तं नाई बोलली न शबनम."

झोंबलं. मंगळवारी मीही जाणार. बाईला उघडं पाडायचं. सव्वीस वर्षं जनावरांत काढली आणि आता हे...

१८ नोव्हें., मंगळ.
वंदनाताई. साठीच्या. शाळेत खेळ शिकवायच्या, आता निवृत्त. मी माळा, अंगारा, घुमणं वगैरे धरून चालले होते. तर सुती साडी, पायात बूट, हातात पाण्याची बाटली. भूतप्रेत, देवदेवस्की काही मानत नाही, आमच्या घरात आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून ते सगळं बंद, हे त्यांनीच आधी सांगून टाकलं. मग हे काय, मी विचारलं. "हे मले येते. काहून येते, माहीत नाई."

बादली उलटी ठेवून बसल्या. घोडीला हात लावला नाही. दीड तास! तेवढ्यात माझे दोन चहा, तीन फोन. ग.भाऊंनी वैरण टाकली, शबनमने काही खाल्ली, काही सोडली. वं.ताई नुसत्या बघत. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते, मंत्रबिंत्र म्हणतात का. नाही.

मग उठल्या. म्हणाल्या, हिला मोठा ढोल आवडत नाही. (कुणाला आवडतो?) हिला पिल्लाची आठवण येते. ग.भाऊंच्या बायकोने, रेखावहिनींनी, लगेच डोळ्याला पदर लावला. पण पिल्लू विकल्याचं अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मी मनातल्या मनात दोन्हींवर काट मारली. निघता निघता थांबल्या. "आखीन एक म्हन्ते थे. माझ्या मानेवर कोनीतरी बसून हाय. वरात संपली तरी उतरत नाई."

अंगावर काटा आला. खोटं कशाला लिहू. वरवर "छान" म्हटलं आणि स्कूटर काढली.

१९ नोव्हें., बुध.
सकाळी दवाखान्यात, सक्करदऱ्याला, एका कुत्र्याला टाके घालत होते. मधेच डोक्यात आलं: गोफ!

जरीपटक्यात काही घरांत वरातीआधी नवऱ्यामुलाच्या बहिणी घोडीच्या आयाळीत रंगीत धागे गुंफतात. सीझनच्या पहिल्या वरातीचा गोफ ग.भाऊ काढत नाहीत. आपोआप सुटला तर सुटला. कापला की बरकत गेली. मला हे माहीत, म्हणून दरवर्षी माझा हात त्या गोफाला वळसा घालून जातो. त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवायचा म्हणून. यंदाही गेला. तिन्ही वेळा.

कुत्र्याचे टाके संपवून थेट जरीपटका. ग.भाऊ कापू देईनात. "मॅडम, बाकी काहीबी कापा." त्यांची बाजू घेणारं कुणी नव्हतं. रेखावहिनींनीच घरातून कात्री आणली. "कापा जी मॅडम. बरकत उभ्या उभ्या वैरन खाऊन राहिली."

गोफाखाली सेफ्टी पिन. उघडी. कुणा बहिणीने गोफ घट्ट बसावा म्हणून लावली असणार. कातडीत रुतलेली, खाली लिंबाएवढं गळू. साफ केलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घाव अजून खोल गेला नव्हता, आणखी काही दिवस गेले असते तर... नको.

तीन वेळा तपासली मी तिला. तीन वेळा "काही नाही" म्हटलं. लाज वाटते.

२१ नोव्हें., शुक्र.
शबनम पोटभर खाते आहे. वं.ताईंना फोन करून सरळ विचारलं: दिसलं, की तिने सांगितलं?

"मॅडम, टोपल्यातलं खात होती, खाली पडलेलं नाई. मान खाली न्यायले भेत होती. माशी बसली का सारं अंग थरथरवे, पन मानेजवळ नाई. तुमी तिले खाताना पाह्यलं का?"

नाही पाहिलं. मी गेले की दोरी आखडायला लावते, तपासते, निघते. जनावर माझ्यासमोर कधी नुसतं उभं राहिलेलंच नाही.

"म्हणजे दिसलंच," मी म्हणाले. जरा विजयाने. तर म्हणाल्या, "दिसलं असन. पन मले तं वाक्यच आलं. डोयातून आलं का तिच्याकडून आलं, मले कसं समजन?"

दिवसभर हेच डोक्यात. लबाड माणूस असं उत्तर देत नाही. लबाड म्हणाला असता, तिने सांगितलं, आणि मी तोंडात बोटं घालून बसले असते. काय बाई आहे!

२४ नोव्हें., सोम.
आज एक हलकट काम केलं. कॉलेजात असताना आम्ही ज्याच्यावर शिकलो त्या घोड्याचा जुना फोटो वं.ताईंना पाठवला. जाऊन वीसेक वर्षं झाली त्याला. लिहिलं, हा आजारी आहे, काय म्हणतो बघा.

संध्याकाळी फोन. मागचा उजवा पाय जड आहे, गूळ मागतो, मालकावर थोडा रुसला आहे. सगळं प्रेमाने सांगितलं. मी म्हणाले, ताई, तो केव्हाच मेलाय.

मला वाटलं आता सारवासारव करतील. आत्मा वगैरे. "चुकलं माझं मॅडम. कधी कधी माझंच मन बोलते आन् मले वाट्टे घोडा बोलला." मग हसल्या. "बरं झालं तुमी पकडलं. आता रातभर इचार करन, कोन्तं कोनाचं होतं."

मी जिंकले होते. छाती फुगायला हवी होती. उलट वाटलं, आपण किती वेळा "गॅस झालाय" असं ठोकून दिलंय, आणि कुणी पकडलं तर असं दिलखुलास "चुकलं" म्हटलंय का? एकदाही नाही. मागितली त्यांची माफी. म्हणाल्या, "माफी कायची? या घरी चहाले."

३० नोव्हें., रवि.
जखम भरली. ग.भाऊंनी शबनमला सजवून बँडवाल्यांच्या सरावाला नेलं. मी आणि वं.ताई मागे. ढोल सुरू झाला. शबनम थांबली. उधळली नाही, चावली नाही. शांतपणे मागे वळली आणि घराकडे चालू लागली. ग.भाऊ लगामाला धरून मागे मागे.

वं.ताई हळूच म्हणाल्या, "म्हन्ते, आता बस झालं."

मी म्हटलं, हे तुमचं मन असेल.

"असू शकते," त्या म्हणाल्या. एवढंच. या दोन शब्दांसाठी मी त्या बाईंवरून दहा डॉक्टर ओवाळून टाकीन, मला धरून.

पण ग.भाऊंनी काय करायचं? आज ते चिडले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. "लगीनसराई चालू हाय मॅडम. दोघी ठेवाले जागा नाई. भट्टीवाला बुधवारी येऊन राहिला." रेखावहिनी आत निघून गेल्या.

३ डिसें., बुध.
दाखल्याचा कागद घेऊन गेले. घरूनच भरून नेला होता. जखम: भरली. चाल: ठीक. हृदय: ठीक. एकही अक्षर खोटं नाही. सही तेवढी बाकी.

वीटभट्टीवाला गाडी घेऊन आलेला, बाहेर उभा. ग.भाऊंना म्हटलं, आधी बघते. त्यांनी सवयीने दोरी आखडली. सोडा, म्हटलं. सोडली. भिंतीला टेकून खाली बसले, साडीला लीद लागली. हात लावला नाही. वेळ मोजला नाही, घड्याळ पर्समध्ये टाकलं.

शबनम एका जागी उभी. कान कधी पुढे, कधी माझ्याकडे. बाहेर गाडीचं इंजिन सुरू झालं तेव्हा तिच्या पोटाची कातडी आत ओढली गेली, मग सैल झाली. पुन्हा इंजिन, पुन्हा तेच. हे याआधी कितीदा माझ्यासमोर झालं असेल आणि मी बघितलंच नसेल? मग बराच वेळ काही नाही. मग माझ्या मनात एक वाक्य आलं. स्वच्छ, मराठीत. इथे लिहीत नाही. माझंच असेल. बहुतेक माझंच.

दारात ग.भाऊ. त्यांच्या मागे भट्टीवाला, त्याच्या मागे रेखावहिनी. ग.भाऊंनी कागदाकडे बघितलंच नाही.

"काय म्हन्ते जी मॅडम थे?"

मी डॉक्टर आहे, मला काय विचारता, असं अगदी जिभेवर आलं होतं.

"थांबा गा भाऊ," मी म्हणाले. "बोलून राहिली थे. होऊ द्या तिचं."