नोटिशीतली तिसरी ओळ

पाटोदा
बुधवार, २५ जून २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. पप्पांचा गुडघाही आता बरा आहे. तिळाची चटणी कंडक्टरने न सांडता पोचवली. डबा परत पाठवते आहे, हे पत्र त्यातच आहे.

धनश्री, हे आजीला तूच वाचून दाखवणार. जे लिहिलं आहे तेच वाच. काही गाळू नकोस, आणि आजीच्या तोंडाकडे बघत मध्येच थांबू नकोस.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते. शिवाय तुझा फोन स्पीकरवर असतो आणि शेजारी निम्मी गल्ली बसलेली असते.

आधी आनंदाची बातमी. तुझ्या नातीचा, म्हणजे धनश्रीचा, धारूरच्या मुलींच्या वसतिगृहातला प्रवेश पक्का झाला. खोली सात, खिडकीजवळची खाट. पंखा फिरतो, मी चालवून बघितला. अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं तिला तिथं राहता येईल.

धनश्रीने गावात सांगितलं म्हणे, की ताईने गृहपाल मॅडमला कायदा शिकवला. तसं झालं नाही. झालं ते असं.

प्रवेशाच्या खिडकीवर नोटीस लावलेली होती. पहिली ओळ: कोविड लसीच्या दोन्ही डोसांचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय प्रवेश नाही. दुसरी: कोणतेही कारण ऐकून घेतले जाणार नाही. तिसरी: प्रमाणपत्र नसलेल्या कुटुंबास धान्य दिले जाणार नाही.

मी गृहपाल मॅडमना विचारलं, "वसतिगृह कुणाच्या घरी धान्य देतं का?"

मॅडमनी चष्मा लावून तिसरी ओळ दोनदा वाचली. मग कारकुनाला हाक मारली. "बद्रीनाथ, हे कुठलं धान्य?"

"लसीची नोटीस लावा म्हणलात मॅडम. जुना नमुना व्हता मोबाइलमधी. वर आपलं नाव टाकलं, पहिली ओळ बदलली."

"अन् खालचं?"

"खालचं लई चांगलं लिवलंय. कुण्या वकिलाचं असंल."

मॅडम हसल्या. रांगेतल्या मुलीही हसल्या. मी हसले नाही. मी विचारलं, हे बंधन कोणत्या आदेशाने घातलं आहे, तो दाखवा. आदेश नव्हताच. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की कुणालाही बळजबरीने लस देता येत नाही. साथीच्या काळात सरकार काही बंधनं घालू शकतं, पण ती गरजेपुरती हवीत आणि त्यांचं कारण दाखवता आलं पाहिजे. आता साथ नाही, आदेश नाही, कारण नाही. एवढंच मी बोलले.

मॅडम म्हणाल्या, "तुमी लसीचे फ्रीज सांभाळता, अन् तुमीच असं म्हणता?"

मी म्हटलं, "लस घ्यावी असंच मी म्हणते. रोज दोन वेळा फ्रीजचं तापमान लिहिते, दोन अंशांच्या खाली आणि आठच्या वर जाऊ देत नाही, ते लोकांनी घ्यावी म्हणूनच. पण मुलीची खाट अडवून नाही." मॅडमनी नोटीस स्वतः काढली. भांडण झालंच नाही. बद्रीनाथने आम्हाला चहा पाजला.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

तो वकील मी आहे.

२०२१ मध्ये मी तुमच्याकडच्या आरोग्य केंद्रात कंत्राटावर होते आणि तुझ्या घरी राहत होते. सरपंच विजयसिंह केंद्रावर आले आणि म्हणाले, "पोरी, तुझं लिवणं साफ हाय. चार ओळी करून दे, कडक." मी त्याच रात्री तुझ्या चुलीजवळ बसून मोबाइलवर त्या टाइप केल्या. तू विचारलंस, काय लिवतीस? मी म्हटलं, ऑफिसचं काम. "कारण ऐकून घेतले जाणार नाही" हे सरपंचांनी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने घातलं. वाक्य नीट बसलं म्हणून मला बरंही वाटलं.

त्यानंतर दोन महिने तू रेशनच्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत आलीस. तिसऱ्या महिन्यात दंड पुढे करून म्हणालीस, "टोचा. अन् आता गहू टाका." मी तिथंच नोंद करत होते. लस घ्यायला तू का नाही म्हणत होतीस, ते मला माहीत होतं. पहिल्यांदा लसीला बोलावलं तेव्हा तुझ्या अंगात ताप होता, तुला भीती वाटली, आणि दोन मिनिटं बसून कुणी तुला काही सांगितलं नाही. एका घरात राहून मीसुद्धा नाही.

तेव्हापासून तू उपकेंद्राची पायरी चढत नाहीस. रक्तदाबाच्या गोळ्या दुकानातून आणतेस, आणि दाब न मोजताच घेतेस. हे मी चार वर्षं बघते आहे.

रविवारी विहारात सगळ्या बायकांसमोर तू मला साडी देणार आहेस, असं कळलं. ती नको देऊस. मी यावं की नाही तेही तूच कळव. फक्त गोळ्यांसाठी उपकेंद्रात जात जा.

ज्योत्स्ना


पाटोदा
शनिवार, २८ जून २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

काल तुझा फोन आला तेव्हा मी फ्रीजचं दार उघडं ठेवून उभी राहिले. असं कधी होत नाही. तापमान सात अंशांपर्यंत गेलं. वहीत लिहिलं आहे.

तू काय बोललीस ते इथं उतरवून ठेवते, कारण तू उद्या नाही म्हणशील.

"आगं, चार वर्सं मी त्या इजयसिंगाला शिव्या घातल्या. त्याच्या पोराच्या लग्नात जेवले न्हाई, अन् ओळी तुज्या व्हत्या? आता निम्म्या शिव्या माघारी घ्याव्या लागत्याल. ऐतवारी ये. आदी त्याच्या दारात जायचं."

मी विचारलं, "आणि साडी?"

"साडी नोटीस उतरवल्याची हाय. लिवल्याचं मी येगळं बघते."

मागे गल्ली हसली. मीही हसले. धनश्री म्हणाली, "ताई, तू हसतीस?" तिला सांग, हो.

मग तू आवाज खाली आणलास. उपकेंद्रात येते म्हणालीस, पण मी शेजारी बसायचं, आणि कुणी हात लावण्याआधी काय करणार ते सांगायचं. अट मंजूर. सोमवारची रजा घेतली आहे.

विहाराच्या फळ्यावर लावायला एक कागद आणते आहे. तीनच ओळी आहेत. बद्रीनाथलाही पाठवणार आहे, नमुना म्हणून.

लस घ्यावी.
शंका असेल तर विचारा, बसून सांगू.
नाही घेतली तरी कुणाचं धान्य, खाट किंवा दार अडणार नाही.

मागच्या वेळी खाली विजयसिंहांची सही होती. या वेळी मी बायकांना विचारून माझी करणार आहे. हे पत्र आज कंडक्टरकडे देते आणि उद्या सकाळी सातच्या गाडीने मी निघते. मला जेवायला ठेव.

मसुदा आणि सही, दोन्ही
तुझ्या ज्योत्स्नाची