फोरमन गेटवर येत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. विषय एकच, फोरमनचं मेंटेनन्स. फोरमन म्हणजे आमचा कुत्रा. मी फॅक्टरीत शेवटपर्यंत चार्जमनच राहिलो, फोरमनचं प्रमोशन काही मिळेना; घरात तरी एक फोरमन असावा म्हणून हे नाव. (बायकोला, म्हणजे हेमलताला, हे कारण अजून माहीत नाही.)
तक्रार अशी. फॅक्टरीचा पाचचा भोंगा झाला की हा गेटवर उभा असायचा. मी सायकलवरून उतरून डब्यातली अर्धी पोळी त्याला द्यायचो. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, मी त्या वेळी घरातच असतो, तरी भोंग्याला हा गेटवर जायचाच. दिवाळीपासून जात नाही. पायरीशी पडून असतो.
निदान: आळस. वय नव्हे. वय जेमतेम अकरा.

४ नोव्हेंबर
हेमलता म्हणते, चौदा. अपूर्वाच्या दहावीच्या रिझल्टला आणला होता, पोरगी आता एकोणतीस वर्षांची आहे, तुम्हीच हिशेब करा म्हणते. केला. अकराच धरणार.

६ नोव्हेंबर
खरं कारण सापडलं. भोंग्याचाच आवाज कमी केलाय! मलाही हल्ली बारीकच येतो. म्हणजे साक्षीदार दोन.
फॅक्टरीला हिंदीत अर्ज लिहिला, तीन प्रती. पोस्टात टाकण्याआधी शेजारच्या भय्यासाहेबांना दाखवला. ते म्हणाले, अरे भाई, चारला जरा आडवा होतो तर पाचला तो भोंगा खाटेवरून पाडून राहिला मला. भय्यासाहेबांची झोप पहिल्यापासून कच्ची. त्यांचं मत विचारात घेतलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. सायं. ५
ट्रेनिंग सुरू. फोरमनच्या मागे उभं राहून पितळी थाळी वाजवली. हलला नाही. एकाग्रता चांगली आहे.
भय्यासाहेब मात्र आले, आज कसली आरती म्हणून विचारत. हेमलता म्हणाली, झोपू द्या ना त्याला, काहून जीव खाऊन राहिले त्याचा?

१२ नोव्हेंबर
विजय नगरला डॉक्टरकडे नेला. डॉ. दीपा. अपूर्वाच्याच वयाची असेल. कानामागे टाळ्या वाजवल्या, टॉर्च मारला आणि म्हणाली, अंकलजी, ये अब कुछ नहीं सुनता. मागचे सांधे झिजलेत, वजन चार किलो जास्त, घी-पोळी बंद. फरशीवर घसरतो, तर चटया टाका. और बस प्यार करो, म्हणाली.
प्यार कागदावर लिहिलेलं नाही, म्हणजे कम्पल्सरी नसावं.
निघताना ती दोनदा काहीतरी बोलली. आजकालच्या पोरी तोंडातल्या तोंडात बोलतात. हेमलतानं बाहेर सांगितलं, चष्मा टेबलावर विसरलात, असं म्हणून राहिली होती ती.

१३ नोव्हेंबर
चटया टाकल्या. डॉक्टरनं सांगितलं म्हणून नव्हे, थंडी पडलीय म्हणून. योगासनांची चटई कापावी लागली. नवीच होती.
फोरमनला उचलून ओट्यावर उन्हात ठेवलं. माझी पाठ धरली. हेमलतानं आम्हा दोघांना एकाच बाटलीतलं तेल चोळलं.
घी-पोळी आजपासून बंद.

१४ नोव्हेंबर
सकाळी एक तुकडा दिला. तुकडा म्हणजे पोळी नव्हे.

१७ नोव्हेंबर, सोमवार
नवी योजना. कान नसेनात, नाक तर शाबूत आहे. माळ्यावरून जुना डबा आणि थैली काढली. पावणेपाचला मागच्या दारानं निघायचं, कोपऱ्यावर नाल्याच्या पुलियावर, छोट्या पुलाच्या कठड्यावर, बसायचं, भोंगा झाला की पुढच्या गेटनं ड्यूटीवरून घरी यायचं. डब्यात अर्धी पोळी, तुपाचं फक्त बोट. हे सगळं त्याच्या सांध्यांसाठी आहे. भावनेचा काही संबंध नाही.

१८ नोव्हेंबर
यशस्वी! गेटची कडी काढून आत आलो, थैली त्याच्या नाकाशी नेली. आधी नाक हललं, मग पुढचे पाय उठले, बऱ्याच वेळानं मागचे. आणि मग शेपूट. अर्धं अंग हलत होतं त्या शेपटीबरोबर.
डोळ्यांत पाणी आलं. आमच्या रांझीत धूळ फार झालीय.
खरं लिहायचं तर दिवाळीपासून त्याचीच वाट बघत होतो मी.

२३ नोव्हेंबर, रविवार
रविवारी भोंगा नसतो. घड्याळ बघून आलो. हेमलता म्हणाली, नोकरीत होते तेव्हा कधी वेळेवर गेले नाही, अन् आता रविवारचा पण ओव्हरटाइम करून राहिले. दुर्लक्ष केलं.
फोरमन पायरीपासून दोन पावलं पुढे आला. या हिशेबानं डिसेंबरअखेर गेट, मार्चमध्ये थेट भेडाघाटचा धबधबा.

२ डिसेंबर
आज उठलाच नाही. बसल्या जागी शेपूट हलवली. थंडीमुळे असेल. पोळी बसूनच खाल्ली. मीही शेजारी बसलो.

८ डिसेंबर, सोमवार. सायं. ७
जसं झालं तसं लिहितो.
पावणेपाचला पुलियावर बसलो. ऊन छान होतं. भोंगा होईना. म्हटलं, लेट असेल. चष्मा घरी, घड्याळ दिसेना. भूक लागली. डब्यातली अर्धी पोळी खाल्ली, घरी दुसरी होतीच. मग जरासा डोळा लागला.
हाताला काहीतरी ओलं लागलं. बघतो तर फोरमन. मागे हेमलता, त्याच्या पोटाखालून जुन्या साडीची पट्टी घालून दोन्ही टोकं वर धरलेली.
ती म्हणाली, सव्वापाचला हा आपला आपण उठून गेटवर गेला, तिथून हटेचना, म्हणून म्हटलं चल रे बाबा, तुझ्या माणसाला घेऊन येऊ.
मी म्हणालो, भोंगा झालाच नाही. ती म्हणाली, पाचलाच झाला, साऱ्या रांझीनं ऐकला.
फोरमननं डबा हुंगला. मी झाकण काढलं. त्यानं रिकाम्या डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत त्यानं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.
घर दीडशे पावलांवर. पंचवीस मिनिटं लागली. मध्ये दोनदा थांबलो, त्यातलं एकदा त्याच्यासाठी. घरी त्याला अख्खी पोळी दिली, तुपासकट.
हेमलतानं उद्या अकराचा कानाच्या डॉक्टरचा नंबर लावलाय. माझा.
आत्ताच फॅक्टरीला दुसरा अर्ज लिहिला, एकच प्रत. पहिला अर्ज रद्द समजावा. भोंगा ठीक आहे.