झाड आणायला गेलेली गाडी

१५ डिसेंबर, रविवार

पुस्तक कापलं! बाबांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून यंदाची खूनकथा आणली — मुखपृष्ठावर बर्फ, बंगला, खिडकीत बाईची सावली आणि वर रक्ताचा एक थेंब, म्हणजे कोणाला शंका नको. पाव कापायच्या सुरीनं शिवणीवर तीन तुकडे केले. पहिला तुकडा बाबा वाचणार, मग मी, मग धाकटा. दुसऱ्याचंही तसंच. तिसरा बाबांनी सुतळीनं बांधून कपाटात ठेवला, तो नाताळच्या दुपारी ते मोठ्यानं वाचतात. त्याआधी प्रत्येकानं चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायचं. अकरा वर्षं झाली, बाबाच जिंकतायत! जन्मभर घड्याळं दुरुस्त केली ना — "कुठला दात झिजलाय ते आवाजावरून कळतं" म्हणे.

आईचा बिस्किटांचा डबा काढला. काचेचे गोळे, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेला. एका कागदावर तिचं अक्षर: 'लाल मोठा — जपून. धाकट्यापासून लांब.' खूप हसलो. धाकटा आता अडतीस वर्षांचा घोडा आहे, पण या घरात धाकटाच. बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय म्हणून सध्या इथे मुक्काम. जुनी कार्डं दोऱ्यावर टांगली. एकेकाळी साठ-सत्तर यायची. आता एकट्या आत्याचं येतं.

बरं वाटलं आज. खरंच बरं वाटलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

हे लिहू नये. पण ठेवू कुठे?

साडेसहाला धाकटा बाबांच्या गाडीतून झाड घेऊन आला. टपावर बांधलेलं. मी दोरी सोडायला बाहेर गेले तर गाडीचा डावा दिवा फुटलेला. तोंडाला वास. ऑफिसात वर्षअखेरची पार्टी होती, "दोनच घेतले गं."

मग म्हणाला, "ताई, कोणालातरी लागलं."

कुठे? "पुलाच्या अलीकडे. सायकल होती."

थांबलास?

दोनदा विचारावं लागलं. "घाबरलो गं" म्हणाला आणि रडायला लागला, दोरी हातात धरून.

मी म्हणायला हवं होतं — बस गाडीत, परत जाऊ. पुलापर्यंत दहा मिनिटं लागतात. मी काय म्हणाले? "आधी झाड आत घे. बाबांना बोलू नकोस."

आणि बादली आणली. ड्रायक्लीनिंगच्या काउंटरवर एकोणीस वर्षं झाली — रक्ताला गार पाणी, गरम लावलं की डाग बसतो, हे गिऱ्हाइकांना रोज सांगते. आज हात आपसूक गार नळाकडे गेला. बंपर पुसला. काचा वेचल्या. गाडी शेडमध्ये घालून वर जुनी चादर टाकली. शंभर खूनकथा वाचून हे एवढं शिकले!

बाबा आतून ओरडत होते, "झाड सरळ उभं राहतंय का?"

"राहतंय बाबा!"

१८ डिसेंबर

पोस्टमन. आपला पोस्टमन.

कोट घ्यायला आलेल्या मास्तरीणबाईंनी सांगितलं. आठ वाजता कुत्रा फिरवणाऱ्या कोणाला तरी खड्ड्यात दिसला. डोक्याला मार, बेशुद्ध. मी त्यांना पावती दिली, सुटे दिले, "अरे देवा" म्हणाले. सगळं जागच्या जागी.

बावीस वर्षं आमच्या गल्लीत आहे तो. आई त्याला केकचा तुकडा द्यायची, तो दारातच उभा राहून खायचा, बूट चिखलाचे म्हणून आत यायचा नाही. सव्वासहा ते आठ! जवळजवळ दोन तास तो तिथे पडून होता, आणि मी इथे झाडाला गोळे बांधत होते.

धाकट्याला सांगितलं. भिंतीला टेकून खालीच बसला. "मला माहीत नव्हतं गं तो आहे म्हणून." मग काय, दुसरा कोणी असता तर चाललं असतं?

२० डिसेंबर

अजून शुद्ध नाही.

२२ डिसेंबर, रविवार

पुस्तक छान आहे. हेच तर लाज वाटण्यासारखं. काकांचा खून झालाय, रस्ता बर्फानं बंद, सगळे जेवणाच्या टेबलाशी बसून एकमेकांना खोटं सांगतायत. दुसरा तुकडा घेऊन झाडाशेजारी बसले आणि नऊ पानं मला पुलाची आठवणसुद्धा झाली नाही. नऊ पानं!

बाबांनी विचारलं, "गाडीवर चादर कशाला?"

"धूळ बसते."

"तेरा वर्षं नाही बसली?" म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

धाकटा रोज सांगतो, उद्या जातो, उद्या नक्की. संध्याकाळी बायकोचा फोन येतो, बाळ लाथा मारतंय म्हणून सांगते, की झालं. मी त्याच्यावर चिडते आणि मग त्याच्यासाठी चहा टाकते. लहानपणी त्यानं काही फोडलं की मीच तुकडे लपवायचे. सवय कोणी लावली? मीच ना.

२४ डिसेंबर

चर्चमध्ये पोस्टमनसाठी प्रार्थना झाली. फादर म्हणाले, "आणि ज्याच्या हातून हे घडलं त्यालाही सुबुद्धी मिळो." सगळ्यांच्या माना खाली. धाकट्याचीसुद्धा. मी मान खाली घातली नाही. समोर मेणबत्त्या होत्या, त्या मोजत राहिले. बाबा माझ्याकडे बघत होते की काय कोण जाणे.

नंतर लहानपणची सगळी गाणी झाली. मी नुसती पानं उलटली.

२५ डिसेंबर, बुधवार

चिठ्ठ्या उघडल्या. मी नर्स लिहिली होती, धाकट्यानं माळी. (दरवर्षी माळीच लिहितो, माळी असो नसो.) बाबांची चिठ्ठी मी वाचली. त्यांच्या त्या बारीक, रेखीव अक्षरात:

'ओळखलं. नाव लिहीत नाही.'

"ही चीटिंग आहे बाबा!" धाकटा हसला. बाबाही हसले, थोडे.

सुतळी सोडली, शेवटचा तुकडा वाचला. एरवी प्रत्येक पात्राचा आवाज काढतात, पोलिसाचा तर असा घोगरा की आई ओरडायची, "अहो, घसा बसेल!" आज बातम्या वाचाव्यात तसं सरळ वाचलं. खुनी थोरला जावई निघाला. तुकडा मिटून म्हणाले, "पुस्तकात बरं असतं. शेवटी कोणीतरी उठतं आणि बोलतं."

आणि थांबले. आमच्याकडे बघितलं नाही, नुसते थांबले. भिंतीवरची चारही घड्याळं ऐकू येत होती.

धाकट्यानं विचारलं, "केक कापायचा का?"

मी कापला.

२७ डिसेंबर, शुक्रवार

हवालदार आला. करड्या गाड्यांची यादी घेऊन घरोघर फिरतोय. पुलापाशी दिव्याची काच सापडलीय. चादर काढली त्यानं, वाकून बघितलं. धाकटा म्हणाला, खांबाला घासली, मागच्या महिन्यात. इतकं सहज म्हणाला की मलाच क्षणभर खरं वाटलं.

"गाडी कोण चालवतं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "आम्ही तिघंही."

गाडी हलवायची नाही, नव्या वर्षात तपासणीला साहेब येतील, असं सांगून गेला. जाताना बाबांना हातातलं घड्याळ दाखवलं, मागे पडतं म्हणून. बाबांनी तिथल्या तिथे उघडून नीट करून दिलं.

२८ डिसेंबर

नवा पोस्टमन आला, तरुण आहे. आत्याचं कार्ड. एका कोपऱ्याला वाळलेला चिखल. "त्या पिशवीतलं आहे," म्हणाला, "जमेल तसं वाटतोय." आत बर्फातलं घर, खिडकीत पिवळा उजेड, वर सोनेरी चुरा. आत्यानं लिहिलंय, 'तुमच्या घरचा नाताळ अजून डोळ्यांसमोर येतो.'

दोऱ्यावर टांगवेना. ड्रॉवरमध्ये टाकलं.

२९ डिसेंबर, रविवार

हॉस्पिटलमध्ये गेले. का गेले? सांगून टाकायला, असं वाटत होतं. बाकावर त्याची बायको बसली होती. मी कोण ते सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे केकवाल्या बाईंची मुलगी! घरी येऊन सांगायचे हो." माझा हात धरून बसली. स्वेटरची बाही उसवली होती तिची. मला म्हणाली, "लागलं ते लागलं. अंधारात होतं कोणाच्याही हातून. पण थांबायचं ना. डॉक्टर म्हणतात, तासभर आधी आणलं असतं तर..."

धडधाकट बाई मी, तोंडाला कुलूप लावून बसले. उठताना तीच मला म्हणाली, "जपून जा हं."

३० डिसेंबर

गेला. सकाळी दहाला.

दुकान उघडं ठेवलं. अकरा कोट, चार पडदे.

३१ डिसेंबर, मंगळवार

धाकट्याला स्वयंपाकघरात धरलं. दार लावून घेतलं. म्हटलं, बस झालं. दोन तारखेला सकाळी तू चौकीत जा, नाहीतर मी जाते. त्यानं पाय धरले माझे. खरोखर धरले! "बाळ येईपर्यंत थांब गं ताई. एकदा तोंड बघू दे. मग फाशी झाली तरी चालेल."

"फाशी होत नाही याला, मूर्खा." तेवढंच सुचलं मला.

"त्याची पोरं मोठी आहेत," म्हणाला, "माझं अजून जन्मायचंय." मी थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि दोघंही रडलो. पण शब्द मागे घेतला नाही. दोन तारीख.

दार उघडलं तर बाबा पलीकडे घड्याळांना किल्ल्या देत होते. दर मंगळवारी देतात. किती ऐकलं असेल?

१ जानेवारी

अंत्यविधी. बाबांचा काळा कोट मी स्वतः इस्त्री करून दिला. त्यांनी पोस्टमनच्या बायकोसमोर इतकी खाली मान घातली की कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला धरा. धाकटा आला नाही, डोकं दुखतं म्हणे.

परत येताना बाबा माझ्या दंडाला धरून चालत होते. म्हणाले, "तू फार लहानपणापासून त्याची आई झालीस. चूक माझी." मी म्हटलं, "बाबा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय." तर म्हणाले, "आज नको. आज दमलोय."

उद्या सांगेन. उद्या आधी बाबांना, मग चौकी. चपला दाराशी काढून ठेवल्यात. असल्या घरात आणखी एक दिवस श्वास घेता येणार नाही मला.

२ जानेवारी, गुरुवार

उठले तेव्हा बाबा घरात नव्हते. पावणेनऊला हवालदार आला, गाडीची किल्ली मागितली. बाबांनी सातलाच चौकीत जाऊन लिहून दिलंय: गाडी मी चालवत होतो, मुलांना काही माहीत नाही. "खरं का हो?" हवालदारानं मला विचारलं. धाकटा माझ्यामागेच उभा होता.

मी "हो" म्हणाले.

दुपारी धाकटा पोटभर जेवला. मी वाढलं.