नाण्याएवढा उघडा धातू

४ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला तीन वाक्यांपुढे जाऊ देत नाही, म्हणून पत्र. आधी पूर्ण वाचा, मग ओरडा.

विमानावर वीज पडते. तिने आतल्या इलेक्ट्रॉनिक पेट्या जाळू नयेत म्हणून प्रत्येक पेटी तांब्याच्या विणलेल्या पट्टीने सांगाड्याला जोडतात. पट्टी टेकते तिथे नाण्याएवढा धातू उघडाच हवा, रंगाचा पापुद्राही चालत नाही. हे मी नव्या लोकांना शिकवते आणि मीच माती खाल्ली. गेल्या महिन्यात दोन विमानांच्या पट्ट्या बदलल्या, जोडातून वीज नीट वाहते का ते मीटरने मोजलं, बरोबर आलं. पण ती उघडी वर्तुळं डोळ्यांत खुपत राहिली. तुमच्या गॅरेजात वाढलेली मी, उघडा पत्रा दिसला की हात शिवशिवतो. पट्ट्या सोडवून प्रायमरचा हात फिरवला, पुन्हा बसवल्या आणि पुन्हा मोजलंच नाही.

त्यातलं एक विमान आज दुसऱ्या कामासाठी आलं. मीटर लावला, तर आकडा साफ चुकीचा; प्रायमरने जोडच तोडला होता. दुसरं रोज माणसं घेऊन उडतंय. साहेब म्हणाले, हे गुपचूप खरवड, ते जूनमध्ये येईल तेव्हा बघू; लेखी दिलंस तर शिक्का जाईल. शिक्क्याशिवाय मला एकही विमान पास करता येत नाही. मी उद्या लेखी देणार आहे.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
तुमची ठकी

९ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

पूर्ण वाचलं. आता ओरडतो. आठ वर्षं घासून मिळवलेला शिक्का असा उधळतात का? साहेब शहाणा माणूस दिसतो, त्याचं ऐक. आणि खापर माझ्या रंगावर का? चाळीस वर्षं गाड्या रंगवल्या, नखाएवढा पत्रा कधी उघडा सोडला नाही. आता पोटची पोर म्हणते की तीच चूक!

तुझी आई मागे उभी राहून वाचते आहे. तुझ्या बापाचं काही ऐकू नकोस, असं लिहायला सांगते. मी लिहिणार नव्हतो, पण तिने पेन धरून ठेवलं.

त्या दुसऱ्या विमानात माणसं किती बसतात, ते कळव. सहज विचारतो.

तब्येत सांभाळ. लोभ आहे म्हणूनच ओरडतो.
बाबा

१७ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

एकशे सत्तर.

तुमचं पत्र यायच्या आधीच कागद दिला होता. दुसरं विमान त्याच दिवशी थांबवलं. शिक्का काढून घेतला, सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, एवढ्या दिवसांत वीज पडली का, मग बिघडलं काय? मी म्हटलं, पडायची वाट बघायची होती का? तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. चुकले याची माफी मी मागितली. सांगितलं याची मागणार नाही, परीक्षा दहा वेळा घेतली तरी.

दोन्ही विमानांतल्या चोवीस जागा मीच खरवडते आहे, दुसऱ्याच्या देखरेखीखाली. माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी मागे उभी राहून मोजते आणि फार अवघडते. मी तिला सांगितलं, आकडा नीट वाच, माझं तोंड नको वाचूस. खापर तुमच्या रंगावर नाही, बाबा. हात माझा होता.

दोघांचा लोभ असू द्या, सध्या तो जास्त लागतो.
तुमची ठकी

२४ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

आईने तुझं पत्र दोनदा मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांदा मी उठून बाहेर गेलो.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. गिऱ्हाईक घाईत असलं की मी गंजावरही रंग फिरवायचो. चकाचक दिसायचं, पैसे घ्यायचो. त्या गाड्या पुढे कुठे गेल्या, मी कधी विचारलं नाही. तू विचारलंस, आणि मी तुलाच ओरडलो. माझं चुकलं.

सोबत रंग खरवडायची माझी जुनी पटाशी पाठवतो आहे. लाकडी मूठ आहे, पातं कालच घासलं. तुमच्याकडे ती चालत नसेल तर टेबलावर ठेव. साहेबाने विचारलं तर सांग, बापाने पाठवली.

लोभ पहिल्यापासून आहे. उघडा ठेवायची सवय नव्हती, एवढंच.
बाबा