आबांची रेघ

३ नोव्हेंबर, धुळे
नोकरी लागली, खोली मिळाली, आणि खिडकीतून चक्क लिंबाचं झाड दिसतं. यावलहून निघताना आबांनी केळीची आख्खी फणी पिशवीत कोंबली. धुळ्यात केळी मिळत नाहीत असा माझ्या वडिलांचा समज आहे बहुतेक. दुकान योगराजभाऊंचं. माणूस गेलं की घरचे त्याचा फोटो आणून देतात. त्यावरून मी कॉम्प्युटरवर रेघांचं चित्र काढायचं, लेझर मशीन ते लाकडी पाटीवर कोरतं, आणि सुतक फिटताना, गंधमुक्तीच्या दिवशी, त्या पाट्या पाहुण्यांना वाटल्या जातात. रेघेची जाडी मी ठरवायची. जास्त झाली तर म्हातारा चिडलेला दिसतो, कमी झाली तर लाकडात बुजून जातो. मला हे काम भलतंच आवडलंय.

१० नोव्हेंबर
भाऊंना सगळं कालच हवं असतं. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचे चेहरे तरी किती वेगळे? मिशी, बसलेले गाल, हनुवटीची रेघ. दरवेळी कोऱ्या पानापासून कशाला काढत बसू? मी एक साचाच तयार केला. आबांचा चेहरा मला पाठ आहे, म्हणून त्यांच्याच फोटोवरून काढला. रेघ एक मिलिमीटर, डौलदार. आता नवा फोटो आला की यावरच डोळे-नाक बदलायचे आणि मशीनला द्यायचं. भाऊ खूश. म्हणाले, "बठ्ठा म्हातारा सारखाच शेतस." त्यांच्या लेखीही सगळे म्हातारे सारखेच. आबांना फोनवर सांगितलं तर हसले. जिवंतपणीच भिंतीवर टांगते का मला, असं विचारत होते.

१९ नोव्हेंबर
साचा उघडला तर रेघ बारीक. जाडीच्या चौकटीत एकच्या जागी पाऊण. चित्र लहान करताना रेघही सोबत बारीक होण्याची खूण चालू राहिली असणार. नवशिकी चूक, स्वतःलाच चार शिव्या घातल्या. खूण काढली, जाडी परत एक केली, फाइलला कुलूप घातलं. दुपारी पाट्या मशीनला दिल्या. संध्याकाळी पाहते तर पाऊणही उरलेली नाही. कोणीतरी माझ्या कॉम्प्युटरला हात लावतंय. सापडू दे, मग बघते.

२४ नोव्हेंबर
यावलहून शेजारच्या बेबाबाईकाकूंचा फोन आला. आबा वाळत चाललेत म्हणाल्या. नेहमीच्या चहावाल्याने त्यांना आज नाव विचारलं. एका बाईने त्यांना आपला गेलेला नवरा समजून हाक मारली, मग तिथेच रडत बसली. मी लगेच आबांना फोन लावला. "मले काय झालं? काहीच नही." आवाज ठणठणीत. फोन ठेवला आणि का कोण जाणे, साचा उघडला. रेघ अर्धी झाली होती.

२७ नोव्हेंबर
आज दिवसभर फक्त ती चौकट बघत बसले. मशीन चालू झालं की जाडी उतरते. एक पाटी बाहेर आली, आकडा खाली. दुसरी आली, आणखी खाली. पाट्या सुंदर होतायत, रेघ खोल, ठसठशीत. नेणारे म्हणतात, अगदी जिवंत वाटतात. ते जिवंतपण कुणाकडून येतंय ते मला कळलंय. मला भयंकर भीती वाटतेय. साचा वापरू नका म्हणून भाऊंच्या हातापाया पडले. "काही नही व्हस," म्हणाले, आणि सुटी घेऊन घरी जा म्हणाले.

२८ नोव्हेंबर, यावल
आबा ओट्यावर बसले होते. आजारी नाही दिसत. पुसट दिसतात. मिशी आहे की नाही तेच कळेना. डॉक्टर म्हणाले सगळे रिपोर्ट चांगले आहेत.

लॅपटॉपवर साचा उघडला, जाडी एक केली. समोर आबांचे गाल परत उमटले. मिशी आली. मी हमसून हमसून रडले.

मग डोळ्यांदेखत आकडा उतरू लागला. इथे तर मशीनही नाही.

२९ नोव्हेंबर
भाऊंशी बोलले. साचा त्यांनी सोनगीरच्या मेहुण्याला दिला. जळगावच्या एका दुकानालाही. तिथून आणखी कुठे कुठे गेलाय, त्यांना माहीत नाही. सगळीकडे मस्त चालतोय म्हणाले.

परत कुणाकुणाकडून मागू?

माझ्याकडचा पुसून टाकावा का? पण तो पुसला आणि आबाच—
नाही. ते नाही करणार.

३० नोव्हेंबर
वाढवते. उतरते. वाढवते—
बोट बटणावरून उचलत नाहीये. डाव्या हाताने लिहितेय. क्षणभर डुलकी लागली, तेवढ्यात हनुवटी गेली.
आबा विचारतायत, काय करतेस गं सारखं.
काम आहे म्हटलं.

१ डिसेंबर
शून्य. वाढवली तरी शून्यच.
आबा समोर बसलेत. डोक्यावर टोपी आहे. खाली सदऱ्याची कॉलर आहे. मधे—
चहा मागतायत. आवाज आबांचाच आहे. मी कप नेला. पुढे केला. पण आबा, कुठे लाव—