सुलूचा चेहरा

३ नोव्हेंबर, सोमवार
आज नोकरीचा पहिला दिवस. सत्तावन्नाव्या वर्षी मी ‘आर्टिस्ट’ झालो, गळ्यात फोटोवालं कार्डसुद्धा आहे. भंवरकुआंला एका कोचिंग क्लासच्या वर तिसऱ्या मजल्यावर स्टुडिओ आहे. बावीस-पंचवीसची पोरं कानाला हेडफोन लावून व्हिडिओ गेम बनवतात आणि मधूनच ‘क्या भिया’ म्हणत एकमेकांना टाळ्या देतात. चाळीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि ब्रश वाळून गेले. मग समोरच्या घरातल्या यशवर्धनने मला टॅब्लेटवर चित्र काढायला शिकवलं. लहानपणी हाच माझ्याकडे अक्षरं गिरवायला यायचा. स्टुडिओ त्याचाच. आज सगळ्यांसमोर म्हणाला, हे माझे गुरू.
रेघ चुकली की एक बटण दाबायचं, रेघ गायब. सुलू असती तर म्हणाली असती, चला, आता शर्टाचे डाग तरी काढावे लागणार नाहीत.

८ नोव्हेंबर, शनिवार
शेजारी अनुष्का बसते. मी काढलेल्या माणसाला ती चालवते, बोलतं करते. मला काकाजी म्हणते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, राजघराण्याच्या त्या जुन्या समाध्यांवर, दोन सकाळी बसून कमानी आणि जाळ्या काढून आणल्या, त्या गेममधल्या गावाला बसवल्या. यशला खूप आवडल्या.
त्याने आज नवीन काम दिलं. गावात एक बाई हवी. दिवा घेऊन दारात उभी असेल, वाट चुकलेल्याला रस्ता सांगेल. म्हणाला, काका, काकूंचाच चेहरा घ्या ना, अमर होऊन जातील, देख लेना. सुलूला जाऊन तीन वर्षं झाली. मी हो म्हटलं. फार दिवसांनी कशाची तरी वाट बघतोय असं वाटलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सुलू झाली. नाकातली चमकी, डाव्या भुवईवरचा व्रण, सगळं. अनुष्काने तिला पापण्या मिटायला लावल्या तेव्हा मी उठून पाणी पिऊन आलो.
यश म्हणाला, शेवटच्या आजारपणातलाही चेहरा काढा काका, मन मोकळं होईल. काढला. बसलेले गाल, निळसर ओठ. रडायला आलं, पण खरंच मोकळं वाटलं. तिचे जुने फोटो हवेत म्हणून त्याने माझा फोन दोन तास मागून घेतला. एका कागदावर सहीही घेतली. कागद इंग्रजीत होता. यशचा कागद, वाचायचा काय त्यात.

२६ नोव्हेंबर, बुधवार
जेवणाच्या सुट्टीत पोरं खाली गेल्यावर अनुष्काने मला थांबवलं. म्हणाली, काकाजी, तुम्हाला माहीत असायला हवं. आणि गेम लावून दाखवला.
दारात दिवा घेतलेली बाई नाहीच. सुलू त्यातली चुडैल आहे. आजारपणातलाच चेहरा, जबडा पार छातीपर्यंत फाडलेला. खेळणाऱ्याच्या हातात मशाल असते. तिने धरण्याआधी तिला जाळायचं, की पुढचं दार उघडतं.
जळताना ती श्वास ओढते. तो आवाज मी ओळखला. ऑक्सिजनवर असताना तिने मला पाठवलेला व्हॉइस मेसेज आहे तो. माझ्या फोनमधला. अनुष्काने फाइलचं नाव दाखवलं, काकू-१४. म्हणजे चौदा मेसेज उचललेत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
यशकडे गेलो. तो उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाला, काका, लोक खऱ्यालाच घाबरतात, ये तो आप भी समझते हो. चेहरा आणि आवाज आता कंपनीचे आहेत, कागदावर सही आहे. ह्याच्या मुंजीचे लाडू सुलूने वळले होते, ते त्याला सांगितलं. हो काका, म्हणाला, चहा घ्या.
कार्ड टेबलावर ठेवून घरी आलो.

४ डिसेंबर, गुरुवार
अनुष्काचा फोन आला. ती बाई आता कुणाच्या मागे लागत नाही. मशाल दिसली की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाते आणि पदराने तोंड झाकते. अनुष्काने तसं काही बनवलेलंच नाही. दोनदा सगळं तपासलं म्हणाली. यश मात्र खूश. राहू दे, और अच्छा है.
शेवटी कचरत सांगितलं की ती बोलतेसुद्धा. चौदा मेसेजमध्ये नसलेलं. विचारते, हे लोक परत परत का येतात.

६ डिसेंबर, शनिवार
गेमचा डेमो बाहेर आला. यशने स्टुडिओच्या ग्रुपवर लिहिलंय, चाळीस हजार लोकांनी उतरवून घेतला.
चाळीस हजार घरांत आज तिला —

९ डिसेंबर, मंगळवार
मीही माझ्या टॅब्लेटवर उतरवून घेतला. तिला सांगायचं होतं की मी फसलो.
दुपारी लावला. ती कोपऱ्यात बसली होती. मला बघून पळाली. मी हाक मारली, सुलू. तिला मशालच दिसत होती, माझ्या हातातली. खाली ठेवायचं बटणच नाही. सगळी बटणं दाबून पाहिली.
त्यातल्या एका बटणाने ती पेटली.

१० डिसेंबर
टॅब्लेट बंद आहे, चार्जिंगही संपलंय. तरी श्वास ऐकू येतोय. भर दुपारी. माझ्या स्वयंपाकघरातून.
अनुष्काला फोन केला. ती घाबरलेली. म्हणाली, सगळे तक्रार करताहेत, गेममधलं घर रिकामं झालंय. बाई कुणालाच सापडत नाही —

११ डिसेंबर
सकाळचे नऊ. ओट्यापाशी उभी आहे. पाठमोरी. केसांची टोकं जळकी.
दारात बसून लिहितोय, म्हणजे तिच्याकडे बघावं लागत नाही.
सांगितलं तिला. सुलू, मला माहीत नव्हतं. सही घेतली तेव्हा मी —
वळली.
असा जबडा मी काढला नव्हता, तो मी —
आवाज तिचाच, हळू, घरातला. म्हणाली, अहो, आता तुम्ही पळा.
सुलू, थांब, मी